कावळ्यादेखत दिलेला शब्द

कावळा मला लहानपणापासून आवडत नाही. शाळेत मी मुलांना शिकवते की प्रत्येक पक्ष्याचं निसर्गात काहीतरी काम असतं, कावळा परिसर स्वच्छ ठेवतो वगैरे. ते पुस्तकातलं झालं. आमच्या परसातल्या तळ्यावर पाणकोंबडीची अंडी कोण पळवतं आणि दयाळाची पिल्लं कोण उचलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढे बाबांचं ते तळंच गेलं, तेही एका कावळ्याच्या साक्षीने. कावळ्याला त्यातलं काही कळत नव्हतं, हे मला मान्य आहे. ज्यांना कळत होतं त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे.

माझं माहेर वाशिंद स्टेशनपासून आत, शहापूर तालुक्यातल्या एका लहान गावात. बाबा भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर नोकरीला होते. पावसाळ्यात दरवाजे उघडायचे, उन्हाळ्यात पातळी बघायची आणि सगळं पाणी मुंबईला रवाना करायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा परसात एक खड्डा होता. घराचा पाया भरताना तिथली माती उपसलेली. पावसात तो भरायचा आणि दिवाळीनंतर आटायचा. आई असती तर तिने तो केव्हाच बुजवून तिथे वाल लावले असते, पण आई तोवर गेली होती. बाबांनी त्या खड्ड्याचं तळं केलं. "जन्मभर मुंबईचं पाणी राखलं," ते म्हणायचे, "आता जरा माझं राखतो."

मला मुरबाडला दिलेली. तिथल्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की मी स्कूटीला किक मारायची आणि किन्हवलीवरून माहेर गाठायचं, हा माझा बरीच वर्षं नेम होता. सासरी चेष्टा व्हायची की हिचं लग्न त्या तळ्याशीच लावून द्यायला हवं होतं. मी म्हणायचे, तळ्याला सासू नसते, बरंच झालं असतं.

लोकांना वाटतं, खड्डा खणला, पाणी सोडलं की पक्षी येतात आणि आपण खुर्ची टाकून बघत बसायचं. तळं राखणं म्हणजे चिखलातली मजुरी आहे. आमच्या तळ्याला सिमेंट नव्हतं. तळाला खाचरातली चिकणमाती आणून बाबांनी ती पायांनी तुडवून तुडवून बसवली होती. दरवर्षी पाणी खाली गेलं की गाळ काढायचा, पण सगळा नाही. थोडा ठेवायचा, कारण बेडूक त्यातच उन्हाळा काढतात. पावसाळ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडायच्या आणि तळं एका रात्रीत कंबरेवरून गुडघ्यापर्यंत यायचं. मग गुडघाभर पाण्यात वाकून हाताने भोक चाचपायचं आणि मातीत भाताचं तूस कालवून ते बुजवायचं. चिंबोरी आतच असली तर ती बोट धरते. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर त्याची खूण अजून आहे.

एक काठ बाबांनी मुद्दाम उतरता ठेवला होता, परातीच्या कडेसारखा, म्हणजे चिमण्यांना आणि बुलबुलांना न बुडता पाणी पिता यावं. दुसऱ्या काठाला लव्हाळी वाढू दिलेली. तिथे पाणकोंबडी घर करायची. पाण्यात एक वाळकी फांदी रोवलेली, ती खंड्यासाठी. ओहोळातले बारीक मासे आणून सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. शेवाळ वाढलं की मी दाताळ्याने ओढून काढायचे. पण काढलेलं शेवाळ लगेच फेकायचं नाही, काठावरच पसरून ठेवायचं. त्यातल्या गोगलगाई आणि बेडकांची पिल्लं सरपटत परत पाण्यात जाईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा मी ते भराभरा टोपलीत भरलं, तेव्हा बाबा ओरडले होते. "बाय गो, त्यांना उतरायला टाइम दे की. गाडी सुटतेय काय तुझी?"

सकाळी मुंगूस यायचं. दुपारी एक दिवड काठावर ऊन खात पडायची. भावाच्या बायकोने पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. दिवड हा बिनविषारी पाणसाप असतो हे मी विज्ञानाच्या बाईसारखं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "तुमी शनवारच्या शनवारी येता ताई, मला तिच्यासंगं रोज रव्हायचंय."

घरात बाबांबरोबर माझा धाकटा भाऊ आणि वहिनी राहत होते. भाऊ वाशिंदच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. कंत्राट संपलं की दोन-तीन महिने घरी, मग परत कामावर, असं चालायचं. तो वाईट नाही. बाबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणारा तोच. पण तळं त्याच्या डोळ्यांत खुपायचं. स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या, कारखान्यांत बाहेरगावची माणसं येत होती, आणि ज्याच्याकडे म्हणून चार हात जागा होती तो खोल्या बांधून भाड्याने देत होता. भाऊ जेवताना सुरू करायचा. "आख्ख्या वाशिंदमध्ये खोली मिळत नाय लोकांना, आन आमी काय करतोय? बेडूक पाळतोय." बाबा शांतपणे म्हणायचे, "मी आहे तवर पाळणार. मग तुमी बघा." या 'मग तुमी बघा'वर भाऊ निवांत पुढचा घास घ्यायचा, आणि मी ताट अर्धंच सोडून उठायचे.

आता कावळे. कावळ्याला वाळकं अन्न भिजवून खायची सवय असते. कुठूनही भाकरीचा तुकडा, पावाची कड, हाडूक उचलून आणायचं, पाण्यात बुडवायचं आणि मऊ झालं की गिळायचं. आमचं तळं त्यांना त्यासाठी फार सोयीचं पडलं. सकाळ झाली की काठावरच्या जांभळीवर ही फौज जमायची. पाण्यावर भिजक्या भाकरीचा थर यायचा, तेलाचा तवंग दिसायचा. मी ढेकळं मारून त्यांना हाकलायचे. कावळा माणूस ओळखतो. मी अंगणात स्कूटी लावली की जांभळीवर कलकलाट व्हायचा. बाबा हसायचे. "आली रे आली, तुमची मावशी आली," असं त्यांनाच सांगायचे आणि मला म्हणायचे, "त्यांनाबी तहान आहे, बाय. खंड्या तेवढा देखणा म्हणून त्याचे लाड का?"

आणि गावाला नेमके कावळेच कमी पडायला लागले होते.

गावातल्या मयताचा दहावा नदीवर व्हायचा. दहाव्या दिवशी पिंड ठेवायचे आणि कावळा शिवेपर्यंत बसून राहायचं, ही आमच्याकडची रीत. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा पुरी झाली. नाही शिवला तर घरच्यांनी हात जोडून एकेक शब्द द्यायचा, पोरीचं लगीन करू, म्हातारीला सांभाळू, अमक्याशी भांडण मिटवू. ज्या शब्दावर कावळा उतरेल ती मयताची इच्छा. पण नदीवरचं मोठं उंबराचं झाड रस्त्याच्या कामात गेलं, आणि हायवेला धाबे आणि चिकनची दुकानं इतकी झाली की कावळे तिकडेच राहायला गेले. रोज कोंबडीची आतडी खाणारा कावळा भाताच्या गोळ्याकडे कशाला बघतो? लोक उन्हात दुपारपर्यंत बसायचे. सगळे शब्द देऊन संपायचे, नको ते जुने वाद उकरून निघायचे, आणि कावळा काही यायचा नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की धरणावाल्या तात्यांच्या परसात कावळे मायंदाळ आहेत. बाबांना विचारलं आणि बाबा हो म्हणाले. मी पुढच्या शनिवारी आले तर उतरत्या काठावर चूल मांडलेली, काही माणसं डोकी भादरून बसलेली आणि न्हावी वस्तरा आमच्या तळ्यात खंगाळतोय. पाण्यावर केस, झेंडूची फुलं आणि कसली तरी पिशवी. माझं डोकंच फिरलं. ती माणसं दुःखात होती म्हणून मी त्यांच्यासमोर तोंड बंद ठेवलं, पण ती गेल्यावर बाबांना सोडलं नाही. "हे काय स्मशान आहे का?" मी विचारलं. बाबा केसांचे पुंजके गाळणीने काढत म्हणाले, "त्यांचा म्हातारा गेला, बाय. नदीवर सकाळपासून बसले होते. हितं पाच मिंटात शिवला." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, जसा काही कावळा त्यांनीच शिकवून तयार केला होता.

शेवटी आमचा तह झाला. पिंड काठावर ठेवायचे, पाण्यात काही सोडायचं नाही, हजामत रस्त्याच्या बाजूला, आणि लोकांनी जाताना पिंड नदीवर नेऊन सोडायचे. लोक यातलं अर्धं पाळायचे. पिंड तर बहुतेक जण नजर चुकवून तळ्यातच सोडून द्यायचे, भाऊच म्हणायचा, "आना हिकडं, सोडतो हितंच, कोण बघतंय." शनिवारी मी आणि बाबा फुगलेला भात जाळीने काढत बसायचो. पण एक गोष्ट मला तेव्हा समजली. लोक तळ्याला मान द्यायला लागले होते. बेचकी घेऊन पाणकोंबड्या मारायला येणारी पोरं यायची बंद झाली. भाऊसुद्धा खोल्यांचं बोलणं कमी करू लागला, कारण गाव त्याला नावं ठेवील ही भीती. मला वाटलं, कावळ्यांनी एकदा तरी कामाचं काही केलं.

बाबा गेले ते दिवाळीनंतर. आजारपण लांबलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी खाट मागच्या दाराशी ओढून घ्यायला लावली होती. थंडीचे धोबी पक्षी नुकतेच आले होते आणि उतरत्या काठावर शेपटी हलवत फिरत होते. बाबा मला म्हणाले, "तो बघ, पाहुणा आला." तळ्याचं काय करायचं ते एका शब्दाने बोलले नाहीत. मी वाट पाहिली की भावाला काही सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. भावावर त्यांचा विश्वास होता, की त्याला अडचणीत टाकायचं नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही, आणि त्याबद्दल मी बाबांवरही रागावलेली आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर परसात एक माणूस टेप घेऊन जागा मोजत होता. भाऊ म्हणाला, सहज बघायला आलाय. माझ्या आत्याने, बाबांच्या थोरल्या बहिणीने, माझा हात दाबला. आत्या कानाने अधू, पण डोळ्यांनी तिला सगळं दिसतं. त्या रात्री मी ठरवलं की हक्कसोडाला सही करायची नाही. आमच्याकडे बाप गेला की बहिणी तालुक्याला जाऊन हक्क सोडल्याची सही देतात, मग भाऊ साडी नेसवतो, आणि ती बहीण शहाणी ठरते. जी सही देत नाही तिचं माहेर तुटतं. मला जमिनीचा तुकडा नको होता. पण माझ्या सहीशिवाय त्याला परसात वीटही लावता आली नसती. तेवढं एकच बळ माझ्या हातात होतं.

दहावा आमच्याच तळ्यावर झाला, दुसरीकडे कुठे होणार? भावाने डोकं भादरलं, ओल्या धोतराने पिंड ठेवले. जांभळीवर कावळे होते, नेहमीइतकेच. कुणीच खाली उतरेना. मी त्यांना इतकी वर्षं ढेकळं मारत आले होते आणि आज तिथेच उभी होते, म्हणून उतरत नसतील असं वाटून मी दाराआड गेले. तरी उतरेनात. भटजी म्हणाले, "बोला, काय राहिलं असेल ते बोला."

भावाने हात जोडले. "बाबा, तुमच्या नातवाचं शिक्षण पुरं करीन." कावळे बसून. "घर नीट राखीन." बसून. "ताईला कधी अंतर देनार नाय. तिचं माहेर हाय तसं ऱ्हाईल." एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला आणि चोच पुसायला लागला. दुसरी वेळ असती तर मला हसू आलं असतं. ऊन वर आलं. मंडळी कुजबुजायला लागली. भाऊ रडवेला झाला. तेव्हा आत्या काठी टेकत पुढे आली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाली, "अरे, तळ्याचं बोल ना! तुला म्हाईत नाय काय त्याचा जीव कशात होता?"

भावाने एकदा मागे, माझ्या दाराकडे पाहिलं. मग वर पाहून म्हणाला, "बाबा, तळं बुजवनार नाय. तुमी ठेवलं तसं ठेवीन." एवढं बोलून तो मागे सरला, त्याच्याबरोबर सगळेच मागे सरले. जांभळीवरून एक डोमकावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली, दहीभाताचा घास घेतला आणि नेहमीप्रमाणे तळ्यात बुडवून खाल्ला.

सगळ्यांनी हात जोडले. भाऊ धाय मोकलून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, मी त्याची बहीण आहे, मला कळतं. मी विज्ञान शिकवणारी बाई. कावळा का उतरला ते मला दिसलं होतं. तोवर प्रत्येक जण पिंडाला चिकटून उभा होता, आणि माणसं मागे हटल्याबरोबर तो उतरला. एवढं साधं. पण त्या क्षणी मी तसा विचार केला नाही. मला वाटलं, बाबांनी ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं. आता कुणाची छाती होणार नाही. आणि खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

संक्रांतीच्या आधी मी शहापूरला जाऊन सही दिली. भावाने विचारलंही नव्हतं, मीच म्हटलं, चल, उरकून टाकू. कावळ्यासमोर शब्द दिलेल्या माणसाकडून आणखी कागदावर काय लिहून घ्यायचं? माझी एक सोबतीण, शाळेतलीच, म्हणाली होती की तळ्याचं लेखी घे. मी तिच्यावरच रागावले. म्हटलं, आमच्याकडे दहाव्याचा शब्द मोडत नाहीत. भावाने साडी नेसवली. वहिनीने पुरणपोळी केली. परतताना सिद्धगडाच्या बाजूला डोंगरावर वणव्याचा धूर दिसत होता आणि मी स्कूटीवर गाणं गुणगुणत होते.

माझा भाऊ शब्दाला पक्का निघाला. त्याने तळं बुजवलं नाही. त्याने काहीच केलं नाही. उन्हाळ्यात बाबा बोअरची मोटर लावून संध्याकाळी थोडं पाणी सोडायचे, ते सोडणं थांबलं. "मोटर खराब हाय, ताई." चिंबोऱ्यांची भोकं तशीच राहायची. मी आले की बुजवायचे, पुढच्या शनिवारी पाणी आणखी खाली. मी मोटरवाला घेऊन आले, तर घराला कुलूप. सगळी वहिनीच्या माहेरी गेलेली. वैशाखात तळाची माती तडकली. मासे मेले, ते कावळ्यांनीच खाल्ले. पाणकोंबडी लव्हाळ्यातून निघून कुठे गेली कुणास ठाऊक. मग भाऊ म्हणाला, "आता हितं पानीच नाय, तर तळं कशाला म्हणायचं? मी बुजवलं नाय. आपोआप आटलं." घराच्या डागडुजीचा राडारोडा 'तात्पुरता' त्यात टाकला. त्यावर मुरमाची गाडी रिकामी झाली. जांभूळ तोडली तेव्हा मला फोनही आला नाही.

मी जाऊन भांडले. गल्ली जमेल इतकी भांडले. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कंत्राट गेलं माझं. परत बोलावत नायत. तूच सांग, मी खानार काय? तुझा पगार येतो म्हयन्याला. मला काय बगळे पगार देनार हायत?" हे त्याचं खरं होतं. मी त्याला म्हटलं की हे दहाव्याला बोलायचं होतंस, कावळ्यासमोर, तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती? वहिनी म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या बाईनं कावळ्याचं धरून बसावं, कमाल हाय." गावातल्या जाणत्यांकडे गेले, जे दहाव्याला हात जोडून उभे होते त्यांच्याकडे. एक म्हणाला, घरातली भांडणं घरात मिटवा. दुसरा म्हणाला, पोराचं पोट आहे. तिसऱ्याने विचारलं, खोल्यांचं भाडं काय ठरवलंय, त्याच्या भाच्याला एक खोली हवी होती.

पावसाळ्यात बेडूक आले. त्यांना कोण सांगणार? आधी बांधून झालेल्या खोल्यांच्या मोऱ्यांमधून ते ओरडत बसायचे, आणि भाडेकरू फिनेल ओतायचे. हे मला वहिनीनेच हसत हसत सांगितलं.

उरलेल्या खोल्याही गणपतीपर्यंत उभ्या राहिल्या. फाटकावर बाबांचं नाव घातलं आहे, आणि फाटकाच्या आत, निळ्या टाइल्स लावलेलं एक सिमेंटचं भांडं बांधलं आहे, धुण्याच्या बादलीएवढं. भावाने मला ते मुद्दाम दाखवलं. "बघ, पाखरांसाठी. जागा बदलली फक्त. बाबांचं तळं हाय तसं हाय." तो चेष्टा करत नव्हता. त्याने मनाशी खरंच तसा हिशेब जुळवला होता. मी भांड्यात डोकावले. पाणी हिरवं झालं होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

वर्षश्राद्धाला मी जाणार नव्हते. आत्याने निरोप धाडला की तिला एकदा माझ्या हातचं खायचं आहे, म्हणून गेले. श्राद्ध खोल्यांच्या पुढच्या फरशीवर मांडलं होतं. पिंड झाले, पान वाढलं, कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, आणि सगळी मंडळी वर बघायला लागली. वर केबलच्या तारा होत्या. कावळा सोडा, चिमणीसुद्धा नव्हती. भावाने "काव काव" करून हाक मारली. एका भाडेकरणीचं लहान पोर दारात येऊन हसायला लागलं, तिने त्याला आत ओढलं.

"बोला काहीतरी," भटजी म्हणाले. भावाने हात जोडले, आणि त्याला काही बोलता येईना. काय बोलणार? सगळ्यांना एकच गोष्ट आठवत होती आणि सगळे जमिनीकडे बघत होते. मग वहिनी माझ्याकडे वळली. "ताई, तुमी बोला. तुमचं ऐकायचे ते. म्हना, तळ्याचं मनावर घेऊ नका. म्हना, माझा राग नाय." मंडळींनाही ते एकदम पटलं. बोल गो, बोल, माहेरचं भलं होईल. पानावरची भाजी गार होत होती, लोकांना भूक लागली होती. मी आत्याकडे पाहिलं. तिला यातलं किती ऐकू आलं माहीत नाही. तिने फक्त मान हलवली, नको म्हणून.

"माझा राग आहे," मी म्हटलं. "मी बाबांशी खोटं बोलणार नाही."

भटजींनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की शास्त्रात सोय आहे, कावळा नसला तर दर्भाचा चालतो. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून गाठ मारली, तो झाला कावळा. भावाने तो हातात धरून पिंडांना लावला. हा कावळा फार गुणी. कोणाचा शब्द मागितला नाही, कशाची वाट पाहायला लावली नाही. बायका पानं मांडायला उठल्या.

पिंड पाण्यात सोडायचे असतात. भावाने पत्रावळ दोन्ही हातांत उचलली आणि सवयीने घराच्या कडेने परसाकडे वळला, दरवेळी वळायचा तसा, सगळ्या गावाचे पिंड सोडायला वळायचा तसा. कोपऱ्यावर जाऊन थांबला. समोर खोल्यांची मागची भिंत होती, तिला लागून मोरीचे पाइप. तो हातात बाबांना धरून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. वहिनीने आतून हाक मारली, "अवो, सोडले का?" त्याचे खांदे हलताना मला दिसत होते. मी मोठी बहीण, मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी ताटं वाढायला आत गेले.